विश्लेषण : विजेचा सिग्नल डोळ्यांना दाखवणारे कार्ल ब्राउन कोण होते?

मायक्रोकंट्रोलरचा कोड चार वेळा तपासला, चूक सापडत नाही आणि मोटर काही फिरत नाही. अशा वेळी कोड बाजूला ठेवून पिनला प्रोब लावला जातो. सिग्नल निघतो तरी आहे का? आज हे काम हातात मावणारा लॉजिक अ‍ॅनालायझरही करतो. पण अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत अनेक वर्षे ‘सीआरओ’च होता. त्या सीआरओचे मूळ कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या १८९७मधील एका काचेच्या नळीत आहे.

शाळामास्तर ते प्राध्यापक

ब्राउन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी फुल्डा येथे झाला. १८७२मध्ये बर्लिनमधून डॉक्टरेट मिळाली. पुढे ते लाइपझिगमध्ये शाळेत शिकवू लागले. १८७४मध्ये त्यांनी दाखवून दिले, की काही धातू-सल्फाइड खनिजांतून वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडते. डायोडची ही पहिली चाहूल. तेव्हा तिचा उपयोग कोणाला सुचला नाही. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी अशाच गॅलेना खनिजाचा रेडिओलहरी टिपण्यासाठी वापर केला.

नळीत काय होते?

१८९५मध्ये ब्राउन स्ट्रासबर्गच्या भौतिकी संस्थेचे संचालक झाले. हे शहर तेव्हा जर्मनीत होते. त्या काळी प्रवाह मोजायचा तो सुईने. पण सुईला वजन असते. प्रवाह सेकंदात अनेकदा दिशा बदलू लागला, की ती मागे पडते किंवा जागच्या जागी थरथरते. ब्राउन यांनी सुईच काढून टाकली. निर्वात नळीतल्या कॅथोड किरणांचा बारीक झोत त्यांनी चमकणाऱ्या लेपाच्या पडद्यावर पाडला आणि नळीच्या मानेशी तारेचे वेटोळे ठेवले. वेटोळ्यातला प्रवाह बदलला, की ठिपका वर-खाली होई. झोताला वजन जवळपास नाहीच, त्यामुळे उशीरही नाही. गंमत म्हणजे हे किरण कशाचे बनले आहेत, हे तेव्हा ठरलेले नव्हते. फेब्रुवारीत ब्राउन यांचा लेख लिहून झाला, इलेक्ट्रॉनविषयीचे जे. जे. थॉमसन यांचे निष्कर्ष एप्रिल अखेरीस जाहीर झाले.

नुसता वर-खाली होणारा ठिपका मात्र पुरेसा नव्हता. सिग्नल कधी चढला, कधी उतरला हे कळायला हवे. त्यासाठी ब्राउन पडद्याचे प्रतिबिंब फिरत्या आरशात पाहत. तिथे ठिपका ताणला जाऊन लाट दिसे. आरशाचे हे काम १८९९मध्ये त्यांचे सहकारी योनाथन त्सेनेक यांनी नळीतच आणले. ठिपका आडवाही सरकू लागला. सीआरओवरचे ‘टाइम बेस’चे बटण म्हणजे हीच करामत. टीव्हीची जुनी पिक्चर ट्यूबही याच घराण्यातली. एवढे असून ब्राउन यांनी नळीचे पेटंट घेतले नाही. वाटेल त्याने बनवावी, सुधारावी.

नोबेल आणि न्यायालय

बिनतारी संदेशाबाबत मात्र त्यांनी पेटंटे घेतली. मार्कोनींच्या सुरुवातीच्या यंत्रणेत ठिणगी थेट अँटेनाच्या मंडलातच पडे, त्यामुळे पल्ला वाढवायला मर्यादा येत. ब्राउन यांनी ठिणगीचे मंडल वेगळे काढले आणि त्यातली ऊर्जा वेटोळ्यांमार्फत अँटेनाला दिली. १९०९चे भौतिकीचे नोबेल दोघांना विभागून मिळाले.

पाच वर्षांत महायुद्ध सुरू झाले. न्यूयॉर्कजवळ सेव्हिल येथे जर्मन कंपनीचे बिनतारी केंद्र होते आणि त्याविरुद्ध मार्कोनींच्या अमेरिकी कंपनीने पेटंटचा दावा लावला होता. त्यात साक्ष देण्यासाठी ब्राउन १९१४च्या अखेरीस, वयाच्या ६४व्या वर्षी त्सेनेक यांच्यासह अमेरिकेला निघाले. युद्धामुळे परतीची वाट बंद झाली. एप्रिल १९१७मध्ये अमेरिकाच जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ब्रुकलिनमध्ये मुलाकडे राहत असताना २० एप्रिल १९१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युद्ध थांबले, आणि स्ट्रासबर्ग फ्रान्सकडे गेले.