हिरोशिगेचा पाऊस

जपानी ठसाचित्रांत हिरोशिगेइतका पाऊस क्वचितच कोणी पाडला असेल. आणि हा चित्रकार आग विझविणाऱ्यांच्या घराण्यातला! १७९७ साली एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, तो जन्मला. वडील शोगुनच्या अग्निशामक पथकात अधिकारी होते. १८०९ मध्ये आई-वडील दोघेही निवर्तले आणि बारा वर्षांच्या मुलाकडे ते वंशपरंपरागत पद आले. वेतन तुटपुंजे होते. तोयोहिरोकडे चित्रकला शिकत त्याने ही नोकरी पस्तिशीपर्यंत ओढली. त्यानंतर १८३३-३४ मध्ये एदो ते क्योतो या राजमार्गावरील ५३ मुक्कामांची चित्रमालिका निघाली आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

या कलेतली एक गोष्ट मन विषण्ण करते. चित्रकाराने पातळ कागदावर काढलेले रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवीत आणि कारागीर ते कागदासकट कोरून काढी. ठसा तयार होताना मूळ चित्र नाहीसे होई. पावसाची रेघ उठावात ठेवायची, तर तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून केसाएवढा कंगोरा शिल्लक राखावा लागे. प्रत्येक रंगाला ठसा वेगळा. कागद बिनचूक बसावा म्हणून फळीवर खाचा ठेवलेल्या असत. आकाशातील गडद ढगाची विरत जाणारी छटा मात्र कोरलेली नसे. छापणारा प्रत्येक प्रतीसाठी ओल्या फळीवर रंग नव्याने पसरून पुसट करी, मग तुतीच्या सालीच्या कागदावर बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती घासून तो उतरवी. त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नसत. नाव हिरोशिगेचे, हात तिघांचे. आणि भांडवल प्रकाशकाचे.

१८५५ च्या भूकंपाने व त्यामागून भडकलेल्या आगींनी एदो उद्ध्वस्त झाले. पुढच्याच वर्षी साठीकडे झुकलेल्या हिरोशिगेने त्याच नगरीच्या शंभर स्थळांची मालिका आरंभिली. ओहाशी पुलावर अकस्मात कोसळणारी सर, १८५७ सालची, याच मालिकेतली. पुलावरची माणसे अंग चोरून धावताहेत, पलीकडचा तीर धूसर झाला आहे.

१८५८ च्या पटकीच्या साथीत त्याला मृत्यू आला. मृत्युपत्रात घर विकून कर्ज फेडावे, असे त्याने सांगून ठेवले होते. त्यानंतर एकोणतीस वर्षांनी व्हॅन गॉगने पॅरिसमध्ये त्याच सरीची तैलरंगात नक्कल केली.