कामगारांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे

गिरणीच्या यंत्रात हात सापडून अपंग झालेल्या मजुरास भरपाई देणारा कायदा ज्या काळी आपल्या देशात नव्हता, त्या काळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्याची बाजू घेतली. त्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपालाचे काम करीत असता त्यांनी मजुरांचे हाल जवळून पाहिले. महात्मा फुले यांचे हे सहकारी १८८० मध्ये ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक झाले.

१८८४ साली त्यांनी मजुरांची सभा भरवून मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती व वेळेवर पगार यांबरोबरच आणखी एक महत्त्वाची मागणी त्यात होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी, ही ती मागणी होय. सहा वर्षे त्यांनी चिकाटी सोडली नाही. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. भरपाईचा कायदा मात्र १९२३ साली झाला; तो पाहण्यास लोखंडे नव्हते. मुंबईच्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत असता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, लिंबायतमधील आपल्यापैकी पुष्कळांचे वडील मागावर राबतात. विश्रांती व सुरक्षितता ही कोणाची मेहेरबानी नसून श्रमणाऱ्याचा हक्क आहे, हे लोखंडे यांनी शिकविले. तो हक्क प्रत्येक मागापर्यंत पोहोचविणे, हे आता आपले काम आहे.