अकोल्याचा विद्यार्थी, डोंगरीचा कैदी

आगरकर म्हटलं की आपल्याला आठवतो दहावीच्या इतिहासातला एक परिच्छेद. समाजसुधारक, ‘सुधारक’कार, टिळकांशी मतभेद, दोन मार्कांचं उत्तर संपलं. पण हा माणूस काही काळ आपल्या वऱ्हाडात, अकोल्यात शिकत होता आणि वयाच्या २६ व्या वर्षी वर्तमानपत्रातल्या मजकुरासाठी तुरुंगात गेला, हे किती जणांना ठाऊक आहे? हॉस्टेलमध्ये विचारून पाहिलं. ‘कोण, ते क्रिकेटवाले का?’ असंही एकानं विचारलं. म्हणून हा लेखप्रपंच.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची परिस्थिती इतकी बेताची की शिक्षण म्हणजे चैनच. कऱ्हाडला थोडं इंग्रजी झालं आणि पुढचं दार बंद. मग कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरकी केली, शिकायला मिळेल म्हणून रत्नागिरीपर्यंत पायी गेले, तिथे लोकांच्या घरी वार लावून जेवले आणि तरी जमलं नाही म्हणून परत आले. आपण मेसची भाजी पातळ झाली तर महिनाभर कुरकुरतो!

शेवटी अकोल्यात नातेवाईक होते, त्यांच्या आधाराने ते इकडे आले. तेव्हाचं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. रेल्वे आलेली, कापसाचा व्यापार जोरात आणि अकोला हे कचेऱ्यांचं गाव. इथल्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी हे नामांकित शिक्षक होते, स्वतः एम.ए. झालेले. असं सांगतात की एकदा ते आगरकरांना चिडून म्हणाले की तुझ्यासारख्याच्या हातून काय होणार, तेव्हा या मुलाने तिथल्या तिथे सुनावलं की तुमच्यासारखा एम.ए. होऊन दाखवीन. सर मात्र दिलदार. पुढे याच महाजनींनी या पोट्ट्याला मदत केली. अकोल्याच्याच ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात आगरकर लिहू लागले. म्हणजे पुढे अख्ख्या महाराष्ट्राला हादरवणाऱ्या लेखणीचा सराव आपल्या अकोल्यात झाला. याचा आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही असं मला वाटतं.

१८७५ ला मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तिथेही पैशाची तीच बोंब. अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. याच काळात त्यांनी आईला पत्र लिहिलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकी आयुष्य लोकांच्या कामी घालवणार आहे. एकवेळच्या जेवणाची भ्रांत असलेल्या घरात हे पत्र वाचताना त्या माउलीला काय वाटलं असेल? चरित्रांमध्ये मुलाच्या त्यागाचं कौतुक होतं, आईचं कुणी करत नाही.

डेक्कन कॉलेजातच बाळ गंगाधर टिळक भेटले. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, दोघे हट्टी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सोबतीने १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, एम.ए. होऊन आगरकरही त्यात आले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर, ‘मराठा’ टिळकांकडे. आपल्यातले बरेच जण ‘केसरी’ म्हणजे फक्त टिळक असं धरून चालतात, तसं ते नाही.

काळ कसा होता ते लक्षात घ्या. १८७८ साली लिटनसाहेबाने देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा आणला होता. इंग्रजीत लिहिलं तर चालेल, मराठी-बंगालीत तेच लिहिलं तर छापखान्यावर टाच. कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ त्यातून सुटायला एका रात्रीत इंग्रजी झाली. रिपनने हा कायदा १८८२ च्या सुरुवातीला रद्द केला. पण आगरकर-टिळक अडकले ते दुसऱ्याच कलमात, अब्रुनुकसानीच्या.

प्रकरण कोल्हापूरचं. गादीवर चौथे शिवाजी महाराज, वयाने लहान आणि दत्तक आलेले. कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती, वर इंग्रजांचा पोलिटिकल एजंट. महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे अशी बोलवा होती आणि पुण्यात लोक त्यावर तापले होते. अशात बर्व्यांची म्हणून काही पत्रं या तरुणांच्या हाती पडली. ती ‘केसरी’ आणि ‘मराठा’त छापली गेली. बर्व्यांनी फौजदारी फिर्याद ठोकली आणि पत्रं बनावट ठरली.

इथे सरळ बोललं पाहिजे. पत्रं खरी की खोटी याची खात्री न करता छापणं ही चूकच होती आणि संपादक म्हणून ती आगरकरांकडे जाते. त्यांनी ती लपवली नाही, माफीही मागितली. पण बर्व्यांनी फिर्याद मागे घेतली नाही. मूळ प्रश्न, म्हणजे बंदिस्त महाराजांचं काय चाललं आहे, तो बाजूलाच राहिला. त्याचं उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरला पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले.

खटला चालू असतानाच मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर वारले. शाळा नवी, पत्रं नवी आणि आधारवड कोसळलेला. जामिनाचा प्रश्न आला तेव्हा धावून आले जोतीराव फुले. ज्या मंडळींनी फुल्यांवर कडक टीका केली होती, त्यांच्याच सोबत्यांसाठी फुल्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना दहा हजारांचा जामीन द्यायला लावलं. त्या काळातले दहा हजार! या गोष्टीवर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा.

१७ जुलै १८८२ ला मुंबई हायकोर्टात निकाल लागला. दोघांना चार महिने साधी कैद. आगरकरांना २६ वं लागून तीनच दिवस झाले होते, टिळकांचा वाढदिवस डोंगरीच्या तुरुंगातच आला. एका कोठडीत दोन मित्र, बाहेर मुंबईचा पावसाळा आणि एकाला दम्याचा त्रास. तरी यांचे वाद थांबेनात. आधी राज्य की आधी समाज, रात्र रात्र भांडण, पहारेकऱ्यांनी गप्प करावं इतक्या मोठ्यांदा. पुढे उभ्या महाराष्ट्रात जो वाद गाजला त्याची पहिली आवृत्ती इथली. तिथेच आगरकरांनी शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणायचं काम केलं, ते १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ म्हणून छापलं गेलं. १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले तेव्हा स्वागताला गर्दी लोटली होती. या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिलं. ते लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा, रडगाणं अजिबात नाही.

पुढचं थोडक्यात. समाजसुधारणेवर जे पटतं ते ‘केसरी’त लिहिता येईना म्हणून ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं आणि १८८८ मध्ये स्वतःचा ‘सुधारक’ काढला, इंग्रजी बाजू गोखल्यांनी सांभाळली. या वेळी तुरुंग सरकारचा नव्हता, आपल्याच लोकांचा होता. बालविवाह, विधवांचं केशवपन यांवर लिहितो म्हणून पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. बर्वे प्रकरणात मित्र सोबत कोठडीत तरी होता. इथे तोही समोरच्या बाजूला.

१८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याने शरीर पोखरलं आणि १७ जून १८९५ ला, चाळिशीही न गाठता ते गेले. स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते असं सांगतात. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. दोन वर्षांनी, डिसेंबर १८९७ मध्ये आपल्या अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा ‘केसरी’तल्या लेखनासाठीच टिळक पुन्हा तुरुंगात होते. या खेपेला कलम राजद्रोहाचं होतं, शिक्षा दीड वर्षाची आणि वाद घालायला शेजारी आगरकर नव्हते.