हायडीची लेखिका योहाना स्पीरी

आल्प्सच्या उतारावर आजोबांच्या झोपडीत राहणारी, शेळ्यांमागे अनवाणी धावणारी हायडी जगभरच्या मुलांना ठाऊक आहे. तिच्या लेखिका योहाना स्पीरी मात्र बऱ्याच अंशी अपरिचित राहिल्या. त्यांची इच्छाही तशीच होती. आपली खाजगी पत्रे मागे उरू नयेत याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळच्या हिर्झेल या डोंगराळ गावी १२ जून १८२७ रोजी योहानांचा जन्म झाला. वडील गावचे डॉक्टर. मनोरुग्णांनाही ते घरी ठेवून घेत. आई मेटा हॉइसर-श्वाइत्सर भक्तिगीते रचणाऱ्या कवयित्री होत्या. घराणे प्रॉटेस्टंट व अतिशय भाविक.

१८५२ साली वकील बर्नहार्ड स्पीरी यांच्याशी विवाह होऊन त्या झुरिकला आल्या. पती कामात गढलेले, शहर परके. १८५५ साली पुत्र जन्मला, तोही बर्नहार्डच. परंतु गरोदरपणातच जडलेल्या खिन्नतेने त्यांना पुढे काही वर्षे सोडले नाही. फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरात डोंगराच्या ओढीने झुरणारी आणि झोपेत चालू लागणारी हायडी वाचताना आम्हांला हिर्झेलची ही लेक आठवल्यावाचून राहत नाही.

लेखणी त्यांनी उशिरा हाती घेतली. ब्रेमेनच्या एका पाळकाच्या आग्रहावरून लिहिलेली पहिली कथा १८७१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. ‘हायडी’चा पहिला भाग १८८० साली निघाला तोही लेखिकेच्या नावाविना, दुसरा भाग १८८१ साली आला.

या कादंबरीत क्लाराची आजी हायडीला प्रार्थना करायला शिकवते. मागितलेले मिळाले नाही म्हणून मुलगी प्रार्थना सोडून देते, तेव्हा देव योग्य वेळेची वाट पाहत असेल, असे आजी समजावते. घरी परतल्यावर हायडी आपल्या आजोबांना उधळ्या पुत्राची गोष्ट वाचून दाखवते. गावाशी आणि देवाशी वैर धरलेला तो म्हातारा त्या रात्री हात जोडतो व दुसऱ्या दिवशी, रविवारी, नातीचा हात धरून चर्चमध्ये जातो. लहान मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांतून हा भाग पुष्कळदा गाळला जातो. आम्हांला तर तोच कादंबरीचा गाभा वाटतो.

हे लिहून काही वर्षेच झाली होती, तोच १८८४ साली क्षयाने ग्रासलेला एकुलता एक मुलगा गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस पतीही गेले. लेखिकेने स्वतः त्या काळात काय मागितले असेल, हे तिने कुणाला कळू दिलेले नाही. लिहिणे मात्र थांबले नाही. पुढील सतरा वर्षांच्या एकाकीपणात त्यांनी मुलांसाठी अनेक कथा लिहिल्या, त्यांत पोरकी, आजारी, घराला मुकलेली मुले पुन्हा पुन्हा भेटतात.

७ जुलै १९०१ रोजी झुरिक येथे त्यांचे निधन झाले व तेथील सीलफेल्ड दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला. जे कागद उरले, ते ‘हायडी’विषयक संग्रहासह २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत दाखल झाले.