बाबासाहेब काम सोपवायला शिकले, आपण कधी शिकणार?

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्याच्या आष्टी गावात तरुण कार्यकर्त्यांनी आम्हाला एक प्रश्न केला. वकिली, प्राध्यापकी, कौन्सिल, वर्तमानपत्र, सत्याग्रह हे सारे एकट्या बाबासाहेबांनी कसे केले? आम्ही म्हणालो, एकट्याने केलेच नाही. त्यांनी माणसे उभी केली आणि त्यांच्यावर काम टाकले. ही कला मात्र ते जन्मतः घेऊन आले नव्हते. ठेचा खाऊन शिकले.

वाचकहो, त्यांच्या वर्तमानपत्रांचाच इतिहास पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि पुढे पत्राची धुरा ज्ञानदेव घोलप यांच्याकडे आली. पत्र बोटीने जायचे, उत्तर बोटीने यायचे. १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. दोष कोणा एकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. आमच्या मते ते सोपवणे नव्हतेच. जाणे भाग होते म्हणून मागे ठेवून जाणे होते.

मग पारडे दुसरीकडे झुकले. महाडच्या चवदार तळ्याचा संग्राम मार्च १९२७ मध्ये झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब. चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहून काढायचे, तेही वकिली आणि कौन्सिलचे काम सांभाळून, एक पैचाही मोबदला न घेता. त्या लेखांची धार आजही बोथट झालेली नाही. पण १५ नोव्हेंबर १९२९ नंतर तेही थांबले. एवढा प्रज्ञावंत माणूस, पण दिवसाचे तास त्यालाही चोवीसच!

तिसऱ्या खेपेला त्यांनी वेगळे केले. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' निघाले तेव्हा बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. संपादक देवराव नाईक. पुढे भास्करराव कद्रेकर आले, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे आले. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण, पण महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे. माणूस निवडताना बाबासाहेबांनी जात पाहिली नाही, काम पाहिले. धोरण त्यांचे, मोठे लेख अनेकदा त्यांचे, पण अंक वेळेवर काढण्याची चिंता दुसऱ्यांची. ते 'जनता' पंचवीस वर्षे टिकले आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले.

नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. रामनवमीच्या रथावरून दंगल झाली तेव्हा बाबासाहेब तेथे होते. ऑक्टोबरात ते लंडनला निघाले आणि सत्याग्रहाचा भार प्रामुख्याने भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांच्यावर आला. तेच आपले कर्मवीर दादासाहेब, वय अवघे सत्तावीस. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा हा तरुण जिल्ह्यातील खेडीपाडी ओळखून होता. बाबासाहेब पत्रे लिहीत, पैशांची चौकशी करीत, सल्ला देत. रोजचे निर्णय मात्र नाशिकमध्येच होत. लढा चालू ठेवायचा की थांबवायचा, हे त्यांनी स्वतःकडे ठेवले. १९३४ मध्ये आता थांबा, हा सल्ला त्यांचाच होता. काय द्यायचे आणि काय राखायचे याचा एवढा स्वच्छ हिशेब आम्हाला दुसरीकडे क्वचितच दिसतो.

आमच्या गावोगावच्या मंडळांत काय दिसते? पावती पुस्तक अध्यक्षाच्या खिशात, मंडपवाल्याशी बोलणी अध्यक्षाची, माईकही अध्यक्षाच्या हाती. पोरांनी फक्त सतरंज्या उचलायच्या. वीस वर्षे सतरंजी उचललेल्या पोराकडून उद्या नेतृत्व कोठून येणार?

मराठवाड्याला तर या कलेचे फळ थेट मिळाले. १९५० साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले, पुढचे मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेब दिल्लीत कायदामंत्री. इमारतींच्या आराखड्यात ते स्वतः लक्ष घालीत, ती आवड त्यांना सोडवत नसे. पण कॉलेजचा रोजचा कारभार प्राचार्य म. भि. चिटणीस आणि बळवंतराव वराळे यांच्यासारख्यांनी वाहिला. आष्टी तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला. या भागातील गरीब घरच्या मुलांना कॉलेजचे दार जवळ आले ते त्यामुळे.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेची व्यवस्थाही त्यांनी वामनराव गोडबोले यांच्यावर टाकली होती. जागेसाठी उपमहापौर सदानंद फुलझेले धावले. लाखोंचा सोहळा, पण सांभाळला तरण्या कार्यकर्त्यांनी.

रिपब्लिकन पक्षाची घडी बसवायला मात्र बाबासाहेबांना वेळ मिळाला नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला आणि लवकरच फुटला. तरीही नाशिकला तयार झालेले दादासाहेब शिल्लक होते. १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, त्यात मराठवाडाही उतरला. ६ डिसेंबर १९६४ पासून पडीक जमिनीसाठी देशभर लढा सुरू झाला, तेव्हा लाखो माणसे तुरुंगात गेली.