सुई-दोरा ते काचेचा पंप : डॉ. अलेक्सिस कारेल

अवयवदानाचा विषय निघाला की मुलं हमखास विचारतात, शरीराबाहेर काढलेला अवयव जिवंत राहतो तरी कसा? तेव्हा त्यांना डॉ. अलेक्सिस कारेल यांची गोष्ट सांगा.

कारेल यांचा जन्म 1873 साली फ्रान्समध्ये ल्योन शहराजवळ झाला. 1894 मध्ये राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर ल्योनमध्येच चाकूहल्ला झाला. यकृताकडे जाणारी रक्तवाहिनी तुटली. ती शिवण्याची खात्रीची रीतच तेव्हा नव्हती, आणि ते दगावले. वैद्यकीचा विद्यार्थी असलेल्या कारेल यांना हे फार लागलं. मग त्यांनी काय केलं माहितीये? भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे जाऊन ते बारीक सुई-दोऱ्याचं काम शिकले! रक्तवाहिनीच्या कडेला तीन टाके घालून ताणले की गोल तोंड त्रिकोणी होतं, शिवायला सोपं जातं. ही त्यांची युक्ती. (कापडाची नळी शिवून वर्गात दाखवा, मुलांना लगेच कळतं.) पुढे ते अमेरिकेत गेले, 1912 चं नोबेल मिळालं.

पण अवयव जोडता आला तरी तोवर टिकवायचा कसा? रक्त थांबलं की प्राणवायू थांबतो, पेशी गुदमरतात. यंत्राने द्रव खेळवावा, तर त्यात जंतू शिरायचे. 1930 मध्ये त्यांना चार्ल्स लिंडबर्ग भेटले. होय, विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडणारे तेच! त्यांच्या मेहुणीचं हृदय अधू होतं, त्या काळजीतून ते या कामाकडे वळले. लिंडबर्ग यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काचेचा बंदिस्त पंप तयार केला. प्राणवायू मिसळलेल्या वायूच्या दाबाने पोषक द्रव नाडीसारखा ठेक्यात अवयवातून फिरे. 1935 मध्ये मांजराची थायरॉइड ग्रंथी त्यात 18 दिवस टिकली. आज काही रुग्णालयांत दात्याचं यकृत किंवा फुप्फुस यंत्रावर प्राणवायू देत ठेवतात, त्यामागची कल्पना हीच.

पूर्वी मी इथेच थांबायचो. एका वर्षी आठवीतल्या मुलीने विचारलं, सर, पुढचं का नाही सांगितलं? ती वाचून आली होती. त्याच 1935 साली कारेल यांनी पुस्तकात लिहिलं, की काही गुन्हेगारांना आणि गुन्हा केलेल्या वेड्यांना विषारी वायूने मारावं. महायुद्धात नाझींपुढे झुकलेल्या फ्रेंच सरकारने त्यांना एक संस्थाही काढून दिली. 1944 मध्ये पॅरिसमध्ये ते वारले, तेव्हा शत्रूला साथ दिल्याचा आरोप त्यांच्यावर होता. कित्येक वर्षांनी फ्रान्समधल्या अनेक रस्त्यांवरून त्यांचं नाव काढलं गेलं.

आता मी दोन तासिका घेतो.