दोन वर्षं नांगर विकलाच गेला नाही!

ॲग्रीला ॲडमिशन घेतली असेल, तर घरी आलेल्या पाहुण्यांनी, शेवटी शेतीच करणार ना, असं विचारलं असेलच. त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगा.

जन्म १८६९चा. चित्रकार व्हायचं म्हणून गडी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि तिथे कळलं, आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. तुमचं असं झालं असतं तर? लक्ष्मणराव यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. आज आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो, तिथे शिक्षक झाले. बढतीच्या वेळी डावललं गेलं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं.

पण डोक्यात यंत्रंच होती. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर माती पलटी करतो, तणाची मुळं वर काढतो. फायदा उघड होता. तरी पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

हसू नका. नवी वस्तू फसली तर आपले फार तर पैसे जातात. शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो. त्याची भीती खोटी नव्हती. लक्ष्मणरावांनी त्याला अडाणी ठरवून धंदा बदलला नाही. ते टिकून राहिले आणि हळूहळू नांगर खपू लागला.

तेवढ्यात बेळगावची जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. १९१०मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर माळावर, निवडुंग तोडून आणि साप हुसकून, कारखाना आणि कामगारांचं गाव उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ती हीच. तिथून नांगरांबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं आणि पंप शेतापर्यंत पोचले. १९५६ साली लक्ष्मणराव गेले.

उद्या तुम्ही ड्रोन, ठिबक किंवा एखादं ॲप घेऊन बांधावर जाल. शेतकरी नको म्हणाला, तर लगेच गाडीला किक मारू नका. त्याला नेमकी कशाची भीती वाटते, ते आधी विचारा.